संत्र्याच्या सालीसारखी

छातीतल्या गाठीची पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा मी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायचे असं ठरवून गेले होते आणि एकच विचारू शकले. पहिला, हे कॅन्सर तर नाही ना. दुसरा, आज नसेल तर पुढे याचाच कॅन्सर होईल का. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, घरचे विचारतात, बाजूच्या विचारतात, डॉक्टर तर न विचारताच त्याचं उत्तर देतात. दुसरा रात्री येतो, सगळे झोपले की, आपण एका कुशीवर पडलेलो असतो आणि हात आपसूक त्या जागेवर जातो तेव्हा.

मी वरुड तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. नमुना आठचे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, आयुष्मान कार्ड, दिवसभर हेच टाईप करत असते. हे लिहायला मला दोन-अडीच वर्षं लागली कारण छातीबद्दल लिहायचं म्हणजे आमच्याकडे कसं वाटतं ते सांगायला नको. पण आता लिहितेच.

२०२१ चा पावसाळा. धाकटा अडीच वर्षांचा, त्याचं अंगावरचं पिणं सुटून सात-आठ महिने झाले होते. आंघोळ करताना उजव्या बाजूला वरच्या अंगाला सुपारीएवढी गाठ लागली, कडक, आणि दाबली की कळ यायची. पंधरा दिवसांत ती लिंबाएवढी झाली, वरची कातडी लाल झाली, अंगात कणकण. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "दूध जिरलं नाही वं पूर्ण, त्याचीच गाठ झाली. म्हशीले दगडी होते ना, तसंच." दगडी म्हणजे जनावराची कास सुजून कडक होते तो आजार. मग जवसाचं पोटीस सुरू झालं, रात्री एरंडाचं पान तव्यावर गरम करून तेल लावून बांधायचं. त्यांनी हे सगळं जीव लावून केलं, रात्री उठून पान बदलून द्यायच्या, म्हणून मी कधी त्यांना दोष दिला नाही आणि देणारही नाही. शेकानं ठणका कमी व्हायचा हे खरं आहे. गाठ मात्र वाढतच होती.

तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. अँटिबायोटिक पाच दिवस. जरा बरं वाटलं, परत सुजली. मग जास्त पॉवरची गोळी, मग सात दिवस इंजेक्शन, मग म्हणाले पू धरला आहे, चीर द्यावी लागेल. चीर दिली, वाटीभर पू निघाला, सगळ्यांना वाटलं आता सुटलो. महिन्याभरात ती जखम भरायच्या ऐवजी तिच्या बाजूलाच दुसरं तोंड पडलं आणि त्यातून पाणी, पू, कधी रक्त. पू तपासायला पाठवला तर रिपोर्टमध्ये आलं की काही जंतू वाढले नाहीत. त्यावर कोणी थांबून विचार केला नाही की जंतूच सापडत नाहीत तर मग आपण जंतूंचं औषध किती दिवस द्यायचं. आणखी एक कोर्स लिहून दिला. पाच महिन्यांत चार कोर्स आणि दोन चिरा.

त्या दिवसांत मी ऑफिसला जात होते. धुतलेल्या सुती धोतराच्या घड्या करून आत ठेवायच्या, वरून ओढणी, आणि डाव्या हातानंच रजिस्टर ओढायचं कारण उजवा उचलला की आत फाटल्यासारखं व्हायचं. दुपारी तीन वाजेपर्यंत घडी भिजायची. ग्रामपंचायतीच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून मी बदलायला शेजारच्या अंगणवाडीत जायचे, सेविकाताई काही न विचारता दार लोटून बाहेर उभी राहायची.

आणि एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात सतत मोठ्याई होती.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, मी तिच्याच हाताखाली वाढले. आमच्या माहेरी संत्र्याची बाग, सगळा हिशोब मोठ्याईकडे, कोणत्या झाडाला आंबिया बहार धरायचा, कोणत्याला मृग बहार, तोडीला किती बाया लागतील, क्रेट किती मागवायचे. २०१४ ची दिवाळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तिच्या पाठीला उटणं लावत होते, ती पाटावर बसलेली, चुलीवर पाणी तापत होतं, अंगणात तोडलेल्या आंबियाच्या मालाचे ढीग, सगळीकडे तो वास. पाठीकडून पुढे हात गेला तर ती चटकन आखडली. म्हणाली, "तिथं नको, दुखते." मी समोर येऊन पाहिलं. डावी बाजू उजवीपेक्षा मोठी दिसत होती, लालसर, हात लावला तर तापल्यासारखी. आणि कातडी जाड झालेली, तिच्यावर बारीक बारीक खड्डे, अगदी एकसारखे. मोठ्याईनं स्वतःच खाली बघितलं आणि हसून म्हणाली, "संत्र्यावानी झालं पाह्य ना वं."

तिला तीन महिन्यांपासून हे होतं. तीन महिने ती गळवाच्या गोळ्या खात होती. गाठ लागत नव्हती म्हणून कोणालाच भीती वाटली नाही, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की कॅन्सर म्हणजे गाठ, आणि तीही न दुखणारी. मोठ्याईला गाठ नव्हती, दुखत होतं, म्हणजे कॅन्सर नाहीच. असा तो हिशोब.

पुढे नागपूरला कातडीचा आणि आतला तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. नावातच दाह आहे पण हा जंतूंचा दाह नाही. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या अगदी बारीक लसीकावाहिन्यांमध्ये जाऊन बसतात, तिथला पाण्याचा निचरा अडतो, कातडी फुगते, पण केसांची मुळं जिथे आतून धरलेली असतात ती जागा फुगत नाही, म्हणून ते खड्डे. डॉक्टरांच्या पुस्तकात याला फ्रेंच नाव आहे, पो दोरांज, म्हणजे संत्र्याची साल. हे मला खूप नंतर कळलं आणि कळलं तेव्हा मी ऑफिसमध्ये कॉम्प्युटरसमोर बसूनच रडले. जे नाव मोठे डॉक्टर शिकून घेतात ते आमच्या मोठ्याईनं पाटावर बसल्या बसल्या दिलं होतं, आणि ते ऐकून आम्ही दोघी हसलो होतो.

हा प्रकार तसा दुर्मिळ. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये एक ते पाच असे असतात. पण तो आठवड्या-महिन्यांत पसरतो, आणि सापडतो तेव्हाच तिसऱ्या स्टेजच्या अलीकडे कधीच नसतो कारण कातडीपर्यंत आलेलाच असतो. त्यात आधी किमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक, असा क्रम असतो. पैशाचं म्हणाल तर तेव्हाची जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा आली त्यात अमरावती होता, म्हणून मोठ्याईचं बरंचसं त्यात झालं. ती दोन वर्षं जगली. शेवटच्या मृगाच्या तोडीला तिला खाटेवर बसवून बागेत नेलं होतं.

म्हणून माझी कातडी लाल झाली, तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल ते समजा. मी रोज आरशात खड्डे शोधायचे. एक दिवस वाटलं दिसले, एक दिवस वाटलं नाहीत. आणि मी हे कोणाला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही, कारण बोललं तर खरं होईल असं वाटायचं. पाच महिने मी दुखणं दाखवत होते पण भीती दाखवत नव्हते. ती दाखवली असती तर कदाचित कोणीतरी लवकर म्हणालं असतं की तुकडा काढून बघू.

ते शेवटी म्हणाले माझे सासरे. सासऱ्यांचा आणि माझा या विषयावर एक शब्द कधी झाला नव्हता, होण्यासारखाही नाही. ते बागेतून आले, ओसरीत बसले आणि नवऱ्याला म्हणाले, पण मला ऐकू येईल असं, "झाडाले डिंक्या लागला त आपण नुसता डिंक पुसत बसतो का? साल खरवडून पायतो ना आतमध्ये कुठलोग गेला." संत्रावाल्यांना हे सांगावं लागत नाही. डिंक्यात बुंध्याच्या सालीतून डिंक गळतो, वरून पुसला तर परत गळतो. पटाशीनं सडकी साल खरवडायची, निरोगी भाग लागेपर्यंत जायचं, मग बोर्डोमलम. खरवडल्याशिवाय कळतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही काटोलमार्गे नागपूरला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी हात लावला, जुने कागद एकावर एक लावले आणि फक्त एवढं विचारलं, "याच्यात तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे?" नव्हताच. पाच महिन्यांच्या फाईलमध्ये तो एक कागद नव्हता.

ट्रू-कट बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून जाड सुईनं आतले बारीक धागे काढतात. सुई सुटताना स्टेपलर मारल्यासारखा खट् आवाज होतो, त्याला दचकू नका, त्या आधी एकदा वाजवून दाखवतात. पेन्सिलीच्या शिशासारखे चार-पाच तुकडे, पांढुरके, छोट्या बाटलीत फॉर्मलिनमध्ये तरंगत होते. बाटलीवर माझं नाव. गावात सगळे सांगत होते की सुई टोचली की कॅन्सर पसरतो, हात लावू देऊ नका. हे खरं नाही हो. सुई लावली म्हणून कोणाचा आजार बिघडत नाही, सुई न लावल्यानं बिघडतो, मी घरात पाहिलंय.

रिपोर्ट आला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. मॅस्टायटिस म्हणजे स्तनाचा दाह. कॅन्सर नाही. नवरा तिथेच खाली बसला.

हा आजार वैद्यकात वेगळा ओळखला गेलाच मुळी १९७२ साली, केसलर आणि वोलॉक या दोघांनी तेव्हा त्याचं वर्णन केलं. तो येतो तो बहुतेक लेकुरवाळ्या वयात, बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत. शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी एका जागी गोळा होऊन घट्ट गाठोडी बांधतात, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. कशासाठी बांधतात ते नेहमी सापडत नाही. काहींचं म्हणणं, नळीतून दूध आजूबाजूला झिरपतं आणि शरीर त्यालाच परकं समजून भांडायला लागतं. काही बायकांमध्ये कोरिनेबॅक्टेरियम जातीचा एक जंतू सापडतो जो साध्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सहज वाढत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाताला, सोनोग्राफीला, कधीकधी मॅमोग्राफीलाही हा हुबेहूब कॅन्सरसारखा लागतो आणि दिसतो. तुकडा तपासल्याशिवाय भल्याभल्यांना सांगता येत नाही. पूर्वी यातच कितीतरी बायकांची मोठमोठी ऑपरेशनं झाली, कॅन्सर समजून.

पण लगेच औषध नाही दिलं. आधी टीबीची तपासणी. कारण टीबीसुद्धा हीच गाठोडी बांधतो आणि आपल्या देशात स्तनाचा टीबी होतो. १८२९ मध्ये इंग्लंडच्या अॅस्टली कूपर या सर्जननं त्याचं पहिलं वर्णन केलं, म्हणजे आजार किती जुना बघा, आणि आमच्या गावात एकालाही माहीत नाही, सगळ्यांना टीबी म्हणजे खोकला. ग्रॅन्युलोमॅटसला बऱ्याचदा स्टेरॉइड देतात, आणि टीबी असताना टीबीचं औषध न देता स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो. म्हणून त्याच तुकड्यावर सीबीनॅट, ही टीबीचा जंतू शोधायची चाचणी. बाकावर माझ्या शेजारी छिंदवाड्याकडची एक बाई बसायची, माझ्याच वयाची, तिचीही दोनदा चिरलेली, तिसऱ्यांदा फुटलेली. तिचा टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या. ती मला म्हणाली की टीबी निघाला ऐकून मी देवाला नारळ फोडला. टीबीसाठी नारळ. त्या बाकावर बसलेल्यालाच ते समजेल.

मला स्टेरॉइड सुरू झालं, चेहरा पुरीसारखा फुगला, भूक वाढली, मध्ये शुगर वाढली, डोस हळूहळू कमी केला, तर परत एकदा फुटली, परत थोडा वाढवला. सगळं मिळून चौदा महिने. आता तिथे दोन खळगे आहेत आणि कातडी आत ओढलेली. दुखत नाही.

मग दुसरा प्रश्न. तो मी चौथ्या व्हिजिटला विचारला, दारातून परत वळून. डॉक्टरबाईंनी बसवून घेतलं. म्हणाल्या, या आजाराचं रूपांतर कॅन्सरमध्ये होतं असं सिद्ध झालेलं नाही, ते घेऊन झोपेची वाट लावू नका. पण हा झाला म्हणून पुढे कॅन्सर होणारच नाही असंही समजू नका, तो जसा कुठल्याही बाईला होऊ शकतो तसा तुम्हालाही होऊ शकतो. आणि तुमचा धोका वेगळाच आहे, तुम्हाला उद्या नवीन गाठ आली तर तुम्ही आणि तुमचे डॉक्टर दोघंही म्हणाल की हे जुनंच परत आलं. तसं म्हणायचं नाही. नवीन काही आलं की नवीन म्हणूनच तपासायचं.

पण मी वाचत राहिले. कारण दाह आणि कॅन्सरचा संबंध नाही असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शोनं १८६३ मध्येच म्हटलं होतं की जिथे दाह रेंगाळतो तिथे कॅन्सर उगवतो, त्याला गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. १९८६ मध्ये ड्वोराक नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं लिहिलं की कॅन्सरची गाठ म्हणजे न भरणारी जखम. जखम झाली की शरीर तिथे पेशी पाठवतं, नवीन रक्तवाहिन्या काढतं, नवीन मांस भरतं आणि काम झालं की थांबतं. गाठ हीच सगळी यंत्रणा वापरते आणि थांबत नाही. दाह वर्षानुवर्षं राहिला तर पांढऱ्या पेशी जंतू मारायला जी दाहक रसायनं सोडतात ती आपल्याच पेशींच्या डीएनएवर पडत राहतात, आणि पेशींना सतत वाढा वाढा असा निरोप जात राहतो. पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूचं हेच, त्या जंतूमुळे जठराचा दाह आणि अल्सर होतो हे शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरेनला २००५ चं नोबेल मिळालं, आणि तोच दाह वर्षानुवर्षं राहिला तर पुढे जठराचा कॅन्सर होऊ शकतो. हिपॅटायटिस बी आणि सीमध्ये यकृताचं हेच. आणि आम्हा विदर्भवाल्यांना एवढं लांब जायची गरजच नाही, खर्रा बघा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून तासन् तास गालात. आधी तिखट लागतं, तोंड भाजतं, मग गाल आतून पांढरे आणि कडक होतात, तोंड उघडेना, दोन बोटं जात नाहीत, आणि त्यातल्या काहींना तिथेच कॅन्सर. ऑफिसमध्ये माझ्यासमोर सही करायला येणाऱ्या तीस-पस्तीसच्या पोरांचं तोंड मला बोलताना दिसतं. मी सांगते, ते हसतात, हसायलाही तोंड पुरतं उघडत नाही त्यांचं.

मग स्तनाचं काय? त्यात मला दोन गोष्टी सापडल्या आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत असं मला मनापासून वाटतं.

एक दाह असा आहे जो दुखत नाही, लाल होत नाही, दिसतच नाही. वजन जास्त वाढलं की स्तनातल्या चरबीच्या पेशी फुगून मरायला लागतात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात, सूक्ष्मदर्शकाखाली मुकुटासारखं दिसतं. तिथे अॅरोमाटेज नावाचं एन्झाइम वाढतं आणि ते इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन जास्त बनवतं. पाळी गेल्यावर लठ्ठपणामुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो त्याच्या कारणांपैकी हे एक आहे. म्हणजे दाहाचा संबंध आहे, पण आपण ज्याला दाह म्हणून घाबरतो तो हा नाहीच.

दुसरी गोष्ट, लाल होणारी, ठणकणारी, माझ्यासारखी. तैवानसारख्या देशात सगळ्यांच्या विम्याच्या नोंदी एका जागी असतात, तिथे अशा बायकांच्या नोंदी तपासल्या तर पुढे कॅन्सर इतरांपेक्षा जास्त सापडला. हे वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. मग सकाळी शांतपणे मोठ्याईचा विचार केला. मोठ्याईच्या पहिल्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं? मॅस्टायटिस. कुठल्याही नोंदवहीत ती आधी मॅस्टायटिस आणि नंतर कॅन्सर अशीच दिसली असती. तिला दाह होऊन त्याचा कॅन्सर झाला नव्हता. पहिल्या दिवसापासून कॅन्सरच होता, त्यानं दाहाचं सोंग घेतलं होतं. त्या आकड्यांमध्ये अशा किती मोठ्याया असतील. सगळ्याच असतील असं मी म्हणत नाही, खरा संबंध थोडाफार असेलही, संशोधन करणारे शोधताहेत. पण आमच्या गावातल्या बाईसाठी या दोन आजारांचा सगळ्यात मोठा संबंध हाच आहे की दोघांचं तोंड सारखं आहे, आणि आपण कुठलं ते न बघता तेच औषध परत परत देत राहतो.

आठ-दहा दिवस नीट औषध घेऊन लाली हटत नसेल तर पुढचा कोर्स नाही, पुढची तपासणी. एवढं एक वाक्य २०१४ मध्ये आमच्या घरात कोणाला माहीत असतं तर. मोठ्याई वाचली असती असं मी म्हणत नाही, तो कॅन्सर फार वाईट आहे. पण तीन महिने मिळाले असते.

भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर स्तनाचाच, २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार नवीन बायका आणि ९८ हजारांवर मृत्यू. आकडे मोठे आहेत म्हणून मनाला लागत नाहीत, मलाही लागायचे नाहीत. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला, त्यात मॅमोग्राफी वगैरे काही नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसती हातानं तपासणी केली. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. हातानं! आमच्या गावात आशाताई आहे, तिच्याकडे तीस वर्षांवरच्यांचा फॉर्म आहे, त्यात छातीत गाठ आहे का हा प्रश्न आहे. ती तो प्रश्न ओसरीत, सासरा आणि दीर बसलेले असताना विचारते, आणि बाई म्हणते नाही. तिची चूक नाही, तिला एका दिवसात चाळीस घरं करायची असतात.

आपल्याच गडचिरोलीत डॉक्टर राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग, आणि त्याआधी जेमतेम ८ टक्के बायकांची कधी तपासणी झालेली. ते आजार वेगळे होते, गर्भाशयाचे, अंगावरून जाण्याचे. पण गप्प बसणं तेच आहे. पस्तीस वर्षं झाली त्याला आणि आजही माझ्या टेबलासमोर बाया आयुष्मान कार्ड काढायला येतात, कशासाठी पाहिजे विचारलं की म्हणतात, असंच, असू द्यावं घरात.

गेल्या महिन्यात एक आली. वय चाळीसच्या आसपास, कापूस वेचायला जाते. अंगठा मशीनवर लागत नव्हता, बोटांच्या रेषा झिजलेल्या, मी फडक्यानं पुसून परत परत लावून बघत होते. ती उजव्या हातानं लावायचा प्रयत्न करायची आणि खांदा वर आला की चेहरा वाकडा करायची. ते करणं मला ओळखीचं होतं. मी मशीन बाजूला ठेवलं, शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि विचारलं, "काकू, छातीले काही झालं का वं?"

ती बराच वेळ खालीच बघत होती. मग म्हणाली, "गळू हाय म्हन्ते डॉक्टर. दिवाळीपासून."

मी तिला अंगणवाडीत नेलं. सेविकाताईनं लेकरांना बाहेर खेळायला काढलं आणि दार लोटून उभी राहिली, तशीच. काकूनं पोलकं सोडलं, आतून एरंडाचं पान निघालं, सुकून चोळामोळा झालेलं, त्याची शिर कातडीवर उमटली होती. लाल होतं. सुजलेलं होतं. खड्डे आहेत का ते मी खिडकीच्या उजेडात वाकून बघितलं आणि मला नक्की सांगता आलं नाही, एकदा वाटलं आहेत, एकदा वाटलं पानाचाच ठसा असेल.

मी तिला माझं दाखवलं. ते दोन खळगे. तिनं हात लावून बघितला, बोटं खरखरीत होती. "दुखते?" म्हणे. म्हटलं नाही आता.

"मंग हे काय होतं?"

सांगितलं. मोठ्याईचंही सांगितलं, लपवलं नाही. तिनं पोलक्याची बटणं लावली, पान गुंडाळून मुठीत धरलं आणि विचारलं की नागपूरला जायला किती लागतात. म्हटलं, बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, आणि कार्ड मी आजच करते, अंगठा नाही लागला तर ओटीपीवर करू.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघी गेलो. खट् आवाज झाला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं होतं. रिपोर्ट गुरुवारी येणार आहे.